डिग्री ऑनलाइन, अनुभव बिनकागदाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "मॅडम, ऑनलाइन डिग्री चालते का?" कधी तो मुलीच्या आईचा असतो, कधी रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराचा. मागे एकाने तर सरळ विचारलं, "डिग्रीला पैसे घालू की कुठेतरी कामाला चिकटू?" प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

नवीन मंडळींसाठी सांगते. मी नाशिकला सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या वेगवेगळ्या कारखान्यांत अठरा वर्षं एचआरचं काम केलंय. कामगार भरती, स्टाफ भरती, बढत्या, पगारनिश्चिती, सगळं. म्हणजे मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसून जे दिसतं, ते लिहितेय. खाली ज्या माणसांबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

आधी कायद्याचं बोलू, कारण तिथे गोंधळ कमी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाबद्दलचे नियम सप्टेंबर २०२० मध्ये आले. त्यातला २२ वा नियम सांगतो की मान्यताप्राप्त संस्थेने या पद्धतीने दिलेली पदवी ही नेहमीच्या कॉलेजातून मिळालेल्या त्याच पदवीच्या बरोबरीची धरावी. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा एकदा वेगळं जाहीर केलं. म्हणजे एखाद्या सरकारी जाहिरातीत नुसती 'कोणत्याही शाखेची पदवी' अशी अट असेल, तर गंगापूर धरणाच्या वाटेवरच्या आपल्या मुक्त विद्यापीठाची पदवी आणि शहरातल्या नामांकित कॉलेजची पदवी एकाच रांगेत उभी राहते. तिथे कुणी नाक मुरडू शकत नाही.

पण सगळंच ऑनलाइन करता येत नाही. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, कायदा, शेती, आर्किटेक्चर, हॉटेल मॅनेजमेंट हे ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने द्यायला परवानगी नाही. पीएचडीलाही नाही. कुणी 'घरबसल्या बी.ई.' विकत असेल तर फोन ठेवून द्या. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंग पदव्यांबद्दल निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या पदवीच्या जोरावर मिळालेल्या बढत्याही अडचणीत आल्या. माणसांनी नोकरी करून, रात्री जागून केलेलं होतं ते सगळं. तेव्हा प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या साइटवर तीन गोष्टी बघायच्या: संस्था, तिचा तो विशिष्ट कोर्स आणि ते विशिष्ट वर्ष. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे म्हणजे त्याचा प्रत्येक ऑनलाइन कोर्स मान्यताप्राप्त असतो असं नाही.

हे झालं कायद्याचं. आता कंपनीच्या गेटच्या आत येऊ.

आपल्याकडे बोलताना दूरस्थ आणि ऑनलाइन असा फरक कुणी करत नाही. पुस्तकं घरी, रविवारी अभ्यासकेंद्रावर तास आणि शेवटी लेखी पेपर, हे दूरस्थ. तास, स्वाध्याय सगळं इंटरनेटवर आणि परीक्षाही देखरेखीखाली पण बऱ्याचदा संगणकावर, हे ऑनलाइन. आमच्या मॅनेजर लोकांच्या तोंडी मात्र दोन्हींना एकच शब्द. "बाहेरून केलंय." या 'बाहेरून' मध्ये थोडा संशय असतो, थोडी कीव असते आणि कधी कधी कौतुकही असतं. यातलं काय असेल ते उमेदवाराकडे आणखी काय आहे यावर ठरतं.

माझ्या अनुभवात नोकरी देणारा माणूस डिग्री आणि अनुभव एकाच तराजूत कधी टाकत नाही. तो त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी मागतो.

पहिली वेळ गेटवर. एका जागेसाठी तीनशे बायोडाटा येतात. ते सगळे वाचायला कुणाला वेळ नसतो. म्हणून जॉब पोर्टलवर 'ग्रॅज्युएट' या चौकटीत टिक केली जाते आणि तीनशेचे नव्वद होतात. इथे डिग्री कोणती, कुठून, कशी केली हे कुणी पाहत नाही. आहे की नाही एवढंच. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं होतं की मालकाला माणसाची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो शिक्षणाकडे खूण म्हणून बघतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या कंपन्यांत स्पेन्स कुणी वाचलेला नाही, पण टिक रोज होते.

दुसरी वेळ टेबलावर. समोर माणूस बसला की डिग्रीचं काम जवळजवळ संपतं. मग प्रश्न येतात ते असे: "जीआरएन कधी बनवलंय? माल शॉर्ट आला तर काय करता? ड्रॉइंग वाचता येतं? ई-वे बिल चुकलं तर गाडी कुठे अडते?" इथे अनुभव बोलतो. ज्याने काम केलंय तो दुसऱ्याच वाक्याला ओळखू येतो. तो थेट उत्तर देत नाही, आधी उलट विचारतो. "साहेब, माल शॉर्ट की चलन चुकीचं?" असं विचारलं की माझ्या शेजारी बसलेला स्टोअर मॅनेजर खुर्चीत सावरून बसतो.

तिसरी वेळ बढतीची. ही कुणी सांगत नाही. कामगाराचा स्टाफ व्हायची वेळ आली, स्टाफचा ऑफिसर व्हायची वेळ आली, की दहा वर्षं कुणी न विचारलेली डिग्री अचानक फाइलमध्ये शोधली जाते.

आमच्या एका स्टोअरमध्ये एक गृहस्थ होते. बारावी पास, चौदा वर्षांची नोकरी. कोणत्या रॅकवर कोणता पार्ट आहे हे कॉम्प्युटरआधी ते सांगायचे. कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा ट्रेनिंगला आलेल्या मुलाला यांनीच सांगितलं की तुमच्या यादीत दोन पार्टना एकच नंबर पडलाय. पण ऑफिसर ग्रेडला 'पदवीधर' अशी अट होती. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन मुलं त्यांच्या वरती गेली. मी एकदा प्लँट हेडकडे फाइल घेऊन गेले. साहेब म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे हो, पण एकाला सूट दिली की उद्या दहा जण उभे राहतील." तेही खोटं नव्हतं.

मग त्या गृहस्थांनी अडतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं. त्या वर्षी त्यांचा मुलगा आठवीत होता. बाप-लेक एकाच टेबलावर अभ्यास करायचे. तीन वर्षांनी मार्कशीट घेऊन आले. पुढच्या एप्रिलमध्ये ऑफिसर झाले. त्या तीन वर्षांत काय शिकलात, असं त्यांना कंपनीत कुणीही विचारलं नाही. किती टक्के मिळाले हेही नाही. डिग्री 'बाहेरून' केलीय याचा उल्लेख झाला, पण कौतुकाने. "नोकरी सांभाळून केलं हो त्यांनी." कारण चौदा वर्षं त्यांच्या पाठीशी उभी होती.

आता दुसरी गोष्ट. पेठ तालुक्यातली एक मुलगी मुलाखतीला आली. ऑनलाइन बीबीए, मान्यताप्राप्त विद्यापीठ, सगळं रीतसर. फी हप्त्यांवर भरलेली. कोर्सच्या जाहिरातीत 'प्लेसमेंट साहाय्य' होतं, ते म्हणजे आठवड्याला एक ईमेल, ज्यात पोर्टलवरच्याच जागांच्या लिंक. मुलगी हुशार होती, बोलायला नीट होती. पण तिला विचारायचं काय? सप्लाय चेनच्या पाच व्याख्या तिला पाठ होत्या आणि डिस्पॅचचं चलन तिने कधी पाहिलं नव्हतं. नकार द्यायचा म्हणून शेजारचे साहेब पटकन म्हणाले, "ऑनलाइनवाली आहे." मला तिथेच वाटलं की हे खरं कारण नाही. कॉलेजात जाऊन बीबीए केलेल्या मुलालाही तेवढ्यासाठीच सकाळी परत पाठवलं होतं. फरक इतकाच की त्याच्यासाठी हाताशी असा तयार शब्द नव्हता.

मी तिला सांगितलं, "बेटा, डिग्री राहू दे फाइलला. आधी कुठेतरी बिलिंगला बस." ती एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागली, पगार थोडका. सव्वा वर्षाने तिचा बायोडाटा परत आला. त्यात डिग्री तीच होती. या वेळी साहेबांनी तिला अर्धा तास बसवून घेतलं आणि 'ऑनलाइन' हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही.

हे फक्त आपल्या एमआयडीसीतलं निरीक्षण नाही. अमेरिकेत डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१६ मध्ये तो अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापून आला. त्यांनी खऱ्या जागांसाठी बनावट बायोडाटा पाठवले आणि कुणाला बोलावणं येतं ते मोजलं. व्यवसाय शाखेच्या जागांसाठी, नफ्यावर चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची पदवी असेल तर साध्या सरकारी कॉलेजच्या पदवीपेक्षा २२ टक्के कमी बोलावणी आली. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आरोग्य क्षेत्रातल्या ज्या नोकऱ्यांना पदवीशिवाय स्वतंत्र परवाना लागतो, तिथे हा तोटा दिसला नाही. म्हणजे माणसाला काम येतं याची बाहेरून कुणीतरी खात्री दिली की डिग्री कुठून केली याने मालकाला फरक पडत नाही. आपल्याकडे ती खात्री देणारी एकच गोष्ट बहुतेकांच्या हातात असते. ती म्हणजे अनुभव.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑनलाइन डिग्री सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती आधीपासून काम करणाऱ्याला. आणि सगळ्यात कमी उपयोगी पडते ती जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याला. आता तुमच्या मोबाइलवरच्या जाहिराती बघा. त्या कुणाला उद्देशून असतात? बारावी झालेल्या, हातात काम नसलेल्या पोरांना आणि त्यांच्या काळजीत पडलेल्या आईबापांना.

मुक्त शिक्षणाची मूळ कल्पना याच्या उलट होती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आपल्या नाशिकला सुरू झालं. राम ताकवले सर पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. ज्यांना शाळा मध्येच सोडावी लागली, जे शेतात, कारखान्यात, पोलीस चौकीत आहेत, ज्या बायका संसारात अडकल्यात, त्यांच्याकडे विद्यापीठाने जावं, असा तो विचार होता. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा कोर्स होता, तो करून पदवीला बसता यायचं. म्हणजे आयुष्याचा अनुभव आधी, पदवी नंतर. नाशिकमध्ये असं घर शोधावं लागेल जिथे कुणी काका, मावशी, शेजारी 'मुक्त'मधून ग्रॅज्युएट झालेले नाहीत. तो क्रम आता उलटा झालाय, आणि मग आपण डिग्रीला नावं ठेवतो.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, "मॅडम, म्हणजे अनुभवच मोठा, डिग्री-बिग्री सोडा." थांबा. आता मला ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायची होती ती सांगते.

एक सीएनसी सेटर आमच्याकडे पेरोलच्या जागेसाठी आला. दहावी, मग आयटीआय अर्धवट. अंबड, सातपूर आणि सिन्नर मिळून अकरा वर्षं मशीनवर. चार कंत्राटदार. ट्रायलला ड्रॉइंग दिलं, त्याने ऑफसेट घेतले, पहिलाच पीस व्हर्निअरमध्ये बरोबर. आमचा प्रॉडक्शनवाला खूश. मग फाइल माझ्याकडे आली पगार ठरवायला. आमच्या तक्त्यात 'सिद्ध करता येईल असा अनुभव' असा रकाना होता. मी विचारलं, "दादा, एक्सपिरियन्स लेटर?" तो हसला. "मॅडम, कंत्राटदार लेटर देतो का कुठे? गेटपास होता, तो पण जमा करून घेतला."

एका ठिकाणची दोन वर्षांची सॅलरी स्लिप होती. बाकी काही नाही. अकरा वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस कागदावर दोन वर्षांचा.

मग आम्ही दोघं बसलो. जुना मोबाइल नंबर, जुनी पीएफची पावती, एका कंत्राटदाराच्या मुनिमाचा फोन, असं करत त्याची पीएफची जुनी खाती शोधली आणि एका यूएएनला जोडून घेतली. त्यातून सात वर्षं निघाली. चार वर्षं कायमची गेली, कारण त्या काळात त्याचा पीएफ कुणी भरलाच नव्हता. दोनाची सात झाली तेव्हा त्याच्या पगारात महिन्याला साडेतीन हजारांचा फरक पडला. गेलेल्या चार वर्षांचा हिशोब तुम्हीच करा.

बघा, ऑनलाइन डिग्रीवाल्या मुलीकडे अनुभव नव्हता, पण कागद होता. या माणसाकडे अनुभव होता, कागद नव्हता. गेटच्या बाहेर दोघंही उभे. 'डिग्री की अनुभव' असा वाद आपण घालतो तेव्हा गृहीत धरतो की दोन्ही दाखवता येतात. डिग्रीचा कागद देणारी संस्था आहे, तिच्यावर कायदा आहे, तक्रार करायला जागा आहे. आपल्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या अनुभवाला कागद देणारं कोण आहे?

खरं तर कायद्यात आहे. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्याखालच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांतच लिहिलं होतं की काम संपलं की कंत्राटदाराने कामगाराला सेवा प्रमाणपत्र द्यावं, त्यात कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या दराने हे सगळं. अठरा वर्षांत असं प्रमाणपत्र घेऊन आलेले उमेदवार मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. चांगली गोष्ट. पण जुनं प्रमाणपत्रही बंधनकारकच होतं. हे नेमणूकपत्र कामगाराच्या हातात पडतंय की कंत्राटदाराच्या कपाटात राहतंय, हे आपण बघायचं आहे.

सरकारचंही बघा. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. तरुणांना आस्थापनेत प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण विद्यावेतन कशावर ठरलं? बारावीला ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. अनुभव देणाऱ्या योजनेतसुद्धा दर डिग्रीचाच.

मालक मंडळींना हे बोललं की ते म्हणतात, "आम्ही डिग्री बघतच नाही, आम्हाला काम पाहिजे." छोट्या वर्कशॉपवाल्याचं हे खरं असतं. तो म्हणतो, "उद्या फर्स्ट शिफ्टला ये, बघू." पण मोठ्या कंपन्यांचं बोलणं आणि करणं वेगळं असतं. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांनी पदवीची अट काढल्याचं जाहीर केलं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये तपासलं की प्रत्यक्षात पदवी नसलेली किती जास्त माणसं घेतली गेली. उत्तर आलं, दर ७०० भरतींमागे एकाहूनही कमी. जाहिरातीतली अट गेली, निवडणाऱ्याच्या डोक्यातली राहिली. आपल्याकडे तर जाहिरातीतूनही गेलेली नाही. उलट अनेक मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत 'फक्त पूर्णवेळ अभ्यासक्रम' असं लिहिलेलं असतं. पदवी बरोबरीची आहे हा यूजीसीचा नियम खासगी मालकाला निवड कशी करायची ते शिकवत नाही.

तर मग करायचं काय? मला जे विचारतात त्यांना मी हे सांगते.

बारावी झालेल्यांनो, जमत असेल तर कॉलेजला जा. फी, अंतर, घरची परिस्थिती यामुळे जमत नसेल तर ऑनलाइन किंवा मुक्त करा, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याच्या जोडीला पहिल्या वर्षापासून काहीतरी काम धरा. टॅलीचं, बिलिंगचं, दुकानाचं, सीएच्या ऑफिसात फाइली लावण्याचं, काहीही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. ती फक्त आयटीआयवाल्यांसाठी असते असा समज आहे, पण आता बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही ती घेता येते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांनी तुमच्याकडे डिग्री आणि दाखवता येणारं काम असं दोन्ही असलं पाहिजे. नुसती डिग्री घेऊन आलात तर मुलाखतीत आम्ही विचारायचं काय, हाच प्रश्न पडतो.

आणि ज्या जागेसाठी डिग्री करताय, त्या जागेच्या जुन्या जाहिराती आधी वाचा. 'पूर्णवेळ', 'नियमित' असे शब्द असतील तर तिथे ऑनलाइन चालणार नाही, हे फी भरण्याआधी कळलेलं बरं. परदेशी जायचं असेल तर त्या देशाचा नियम वेगळा विचारा.

काम करणाऱ्यांनो, दहा वर्षं झाली असतील तर पदवी करून टाका. वय विचारात घेऊ नका. तुम्हाला कामाचं नवीन काही कळेल म्हणून नाही, तुमच्या फाइलमधला एक रिकामा रकाना भरतो म्हणून. तो रकाना तुमच्या हाताखालच्या पोराला तुमच्यावर बसवतो. पण तेवढ्यासाठी घर गहाण टाकू नका. लाख-दोन लाखांचा चकचकीत ऑनलाइन कोर्स आणि सरकारी मुक्त विद्यापीठाची साधी पदवी यांत बढतीची फाइल काडीचा फरक करत नाही.

आणि कागद जपा. सॅलरी स्लिप, नेमणूकपत्र, गेटपासचा फोटो, सगळं मोबाइलमध्ये ठेवा आणि स्वतःला ईमेल करा. दर सहा महिन्यांनी पीएफच्या साइटवर आपली सेवा नोंद उघडून बघा. कंत्राटदार बदलला की त्याच आठवड्यात बघा. मधले महिने गायब असतील तर तेव्हाच बोंबला, सात वर्षांनी मुनीमही सापडत नाही. कंत्राटदार नवीन यूएएन काढतो म्हणाला तर नको म्हणा, जुनाच द्या.

आणि आता मालक, प्लँट हेड आणि माझ्या एचआरवाल्या मित्रमैत्रिणींना. तुमच्यातले बरेच जण ही पोस्ट वाचत आहेत हे मला माहीत आहे. दोनच मागण्या आहेत.

एक, तुमच्या जाहिरातीत 'पदवीधर' लिहाल तिथे 'किंवा या कामाचा इतक्या वर्षांचा अनुभव' एवढी ओळ घाला, आणि बढतीच्या तक्त्यातही घाला. ज्या कामाला पदवी खरंच लागते तिथे नका घालू. पण स्टोअर, डिस्पॅच, मेंटेनन्स, क्वालिटीच्या अर्ध्या जागांना ती का लागते, हे एकदा स्वतःलाच विचारा. सूट मागायला दहा जण उभे राहतील ही भीती असेल, तर ट्रेड टेस्ट घ्या, दहाचे तीन उरतील.

दोन, तुमच्या गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला काम सुटताना एक पान द्या. नाव, काम, मशीन, तारीख ते तारीख. कंत्राटदाराचं बिल पास करताना ते पान जोडलंय का एवढं बघा, म्हणजे तो आपोआप देईल. यात तुमचा खर्च एका प्रिंटचा. २४० दिवस भरू नयेत म्हणून ब्रेक देणाऱ्यांना हे पान नको असणार, हे मी समजू शकते. त्यांच्याशी माझं भांडण वेगळं आहे, ते वेगळ्या पोस्टमध्ये. पण बाकीच्यांना अडचण काय आहे?

निमा आणि आयमा या आपल्या दोन्ही उद्योजक संघटनांनी या एका पानाचा साधा मराठी नमुना तयार करून सभासदांना पाठवला, तर एमआयडीसीतल्या हजारो माणसांची वर्षं वाचतील. मी मसुदा करून ठेवलाय, दहा ओळींचा आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी कॉमेंटमध्ये 'नमुना' लिहा, पाठवते.

आणि तुमच्यापैकी कुणाची वर्षं अशी कागदाअभावी गेली असतील तर तेही लिहा. कंपनीचं, कंत्राटदाराचं नाव नको. किती वर्षं काम केलं आणि त्यातली किती दाखवता आली, एवढे दोन आकडे पुरेत. ते आकडे जमले की मी एकत्र करून दोन्ही संघटनांकडे आणि कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात नेऊन देणार आहे.

पोस्ट शेअर करायला परवानगी विचारायची गरज नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.